अरुंद नस

आज सकाळी शेजारच्या सुनंदाला घेऊन सावलीहून चंद्रपूरला गेलो. वय चोवीस, बीपी दोनशेच्या वर. सासू म्हणते, "धानाचा रोवणा आला का हिचं डोकं दुखते." सुनेचं लावणी टाळायचं सोंग उघडं पडेल, ते पाहायला सासूही सोबत आली.

उपाशीपोटी डॉप्लर सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, उजव्या किडनीला रक्त नेणारी नस एका जागी अरुंद झाली आहे, बीपी त्यामुळेच वाढतं. नागपूरला नसेत बारीक फुगा घालून ती रुंद करता येईल.

दुखणं खरं निघालं म्हणून सुनंदा हसली, सासूकडे बोट करून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मराठीत लिहून द्या ना. यायले वाचून दाखवतो."

डॉक्टरांनी लिहून दिलं. सुनेवर भरवसा नाही, म्हणून सासूनं माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा. मग घडी करून कागद कमरेला खोचला.

"नस खराब होती तं बापानं लग्नाआधी काऊन नाई सांगतलं? उद्या हिले माहेरी पोचवून देऊ."

"बाई, नागपूरला नेलं तर बरी होईल ती."

"तं तिच्या बापानं न्यावं, भाऊ."

सोंगाडी म्हणून का होईना, कालपर्यंत तिला घर होतं. माझ्या जागी तुम्ही असता, तर वाचताना काय गाळलं असतं?