विरोधात एक

ग्रामसभेत ठराव पटला नाही की भागीकाकी हात वर करायची, डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू देऊन. खांदा धरलेला होता तिचा. मोजल्याशिवाय हात खाली नाही. भिवपुरीजवळच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. "काकी, खांदा निखळंल," पोरं चेष्टा करायची. "निखळू दे. तुमची जीब तर कवाच निखळलीय." स्वातंत्र्यावर झेंड्याखाली मी दरवर्षी भाषण करायचो. काकीचं म्हणणं एवढंच, "मानसाला नाय म्हनता आलं पायजे, आन ते लिवलं गेलं पायजे."

एका पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ओढ्याकाठच्या पायवाटेचा ठराव आला. फार्महाऊसवाल्याला ती वाट आपल्या भिंतीच्या आत घ्यायची होती. वाटेच्या टोकाला काकीचं भाताचं शेत. एकच हात वर झाला. सरपंच माझ्या कानाशी लागले, "भाऊसाहेब, एक हात काय मोजायचा? नेहमीसारखं लिवा." मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' बारा वर्षं प्रत्येक ठराव तसाच लिहीत आलो होतो. पेन अडखळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती पंचायतीत आली. तिला वाचता येत नव्हतं. "माजा हात लिवलाव का? वाचा बरं."

मी वही उघडली आणि त्यात नसलेलं वाचलं, "विरोधात एक, भागीरथीबाई."

"मंग बास," म्हणाली आणि उठली.

त्या भरवशावर तिने वाट बंद होऊ नये म्हणून कर्जतला तहसील कचेरीत अर्ज केला. वही घेऊन मलाही बोलावलं. साहेबांनी ठराव मोठ्याने वाचला. काकीने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, बहुधा. नाही बोललो. काकी गेल्याला आता दोन वर्षं झाली. साजगावला दिलेल्या तिच्या लेकीलाही मी हे सांगितलेलं नाही.

तेव्हा तिचा अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी भिंत झाली, गेट बसलं. भात पिकलं तेव्हा काकी विळा घेऊन निघाली. मी मागोमाग गेलो, कशाला ते ठाऊक नाही. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "किससे मिलना है?"

"भाताला."

"नाम लिखो, माँजी. उसके बिना अंदर नहीं."

काकी बराच वेळ गेटाच्या गजांतून शेताकडे बघत राहिली. पीक वाकलं होतं, आणखी दोन दिवसांत दाणे गळाले असते. शेवटी तिने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"लिवा, भाऊसाहेब. हितं तरी खरं लिवा."

मी लिहिलं, 'विरोधात एक, भागीरथीबाई.'