ओठांवरची हजेरी

गिरणीत साच्याखात्यात आवाजाचा उपयोग नसायचा. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम चालू झाले की शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी त्याला कळायचं नाही. म्हणून आम्ही आवाज काढायचोच नाही. ओठ नीट हलवायचे, समोरच्याने बघून घ्यायचं. सहा साचे सोडून उभ्या असलेल्या माणसाशी मी अख्खी पाळी गप्पा मारल्यात. गिरणी बंद पडली तोवर कान अर्धे गेले होते, ही विद्या मात्र राहिली. शाळा माझी चौथीपर्यंत. कागदावरचं वाचायला मला वेळ लागतो, तोंडावरचं लागत नाही.

पुढे मी लालबागेत चाळीच्या जिन्याखाली शिलाईचं मशीन टाकलं. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी. माझा पडदा बोटभर कमी-जास्त म्हणून आजवर कोणी परत आणलेला नाही.

दोन वर्षांमागे शिवडीच्या बाजूच्या एका बालगृहातून निरोप आला. पोलिसांकडून, कोर्टाकडून आलेल्या मुली तिथे ठेवत. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींना आता कुठे कुठे जगायचं आहे. विधिमंडळाची समिती पाहणीला येणार होती. हे आमदार लोक तुरुंग बघतात, पोलीस कोठड्या बघतात, पोरांना कुठे आणि कसं ठेवलंय ते बघतात, आणि सभागृहात अहवाल देतात. अधीक्षिका बाईंनी माझ्या हातात यादी ठेवली. अकरा खिडक्या, अकरा पडदे, पिवळा रंग.

"आठ दिवसांत हवेत, मामा."

"माप माझं मी घेणार."

"यादीत आहे की माप."

"ते तुमचं माप झालं."

बाई हसल्या. बाई हसतमुख होत्या, हे सांगायला हवं. मला चहाबरोबर खारीही दिली.

माप घ्यायला गेलो तेव्हा मुली जेवत होत्या. चाळीसेक मुली, दोन रांगांत, मांडी घालून. मी दारात उभा राहिलो आणि वाटलं, उरलेले कानही गेले. सगळ्यांची तोंडं हलत होती, घास नसताना हलत होती, आणि आवाज नव्हता. कानातलं मशीन काढून फुंकर मारून परत घातलं. ताटावर चमचा वाजला तो ऐकू आला. पंखा ऐकू आला. मग नीट बघितलं.

मीठ दे.

संध्याकाळी माझी वेणी घालशील?

बाई बघतायत, मान खाली घाल.

आमचं खातं बंद होऊन इतकी वर्षं झाली, आणि इथे पोरी तशाच बोलत होत्या, एकही साचा नसताना. मीठ मागणारी सात-आठ वर्षांची असेल. मीही आवाज न काढता तिला म्हटलं, मीठ तुझ्या डाव्या हाताला आहे. ती थिजली. मग रांगेतून ते पुढे सरकत गेलेलं मी पाहिलं, वाऱ्याने भात हलतो तसं. म्हाताऱ्याला कळतं. म्हाताऱ्याला कळतं. सगळ्या माना खाली आणि एक एक डोळा माझ्याकडे.

"फार शिस्त आहे," मी बाईंना म्हटलं.

"जेवताना, रांगेत, खोलीत बोलायचं नाही. लागते हो सवय."

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी पडदे लावायला गेलो. दहा लावून झाले. अकरावा जिन्याच्या दुसऱ्या वळणावरचा. स्टुलावर चढलो तर समोर डक्ट, पाइपांची, अंधारी, आणि डक्टच्या पलीकडे, आठ हातांवर, आणखी एक खिडकी. बंद. यादीत नसलेली, आणि माप घेतलं तेव्हा मला न दिसलेली.

खाली हजेरीची तालीम चालली होती. बाई माइकवर एकेक नाव घेत होत्या, मुली हजर म्हणत होत्या. तेवढ्यात त्या बंद काचेमागे मला तोंड दिसलं. अकरा-बारा वर्षांची मुलगी. काचेला जवळजवळ चिकटलेली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती खालचं ऐकत होती. खाली एक नाव झालं की तिचे ओठ मिटायचे, उघडायचे, परत मिटून फुटायचे. मी पण. पुढचं नाव. मी पण. पुढचं नाव. मी पण. खाली चाळिसाव्या नावाला हजेरी संपली, माइक बंद झाला, तरी वर ती थांबली नाही.

हातातला पडदा किती वेळ तसाच होता कोण जाणे. पण मी जे केलं ते लिहितो. मी खाली उतरलो आणि ताठ मानेने बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो.

"बाई, तुमची यादी चुकली. खिडक्या बारा आहेत."

"कुठली बारावी?"

"जिन्यासमोरची. आत मुलगी उभी होती, तिला विचारा."

बाईंचं हसू तसंच राहिलं. "ते स्टोअर आहे, मामा. सफाईला गेली असेल कोणी. तुमची नजर मात्र अजून पक्की हां."

मी खूश होऊन घरी आलो. खोटं कशाला सांगू? ती मुलगी डोळ्यांसमोरून हलत नव्हती, पण त्याहून मोठं मला हे वाटत होतं की शिकलेल्या बाईची चूक मी पकडली. चहा घेताना बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आणि ह्यां तुमी बाईंकाच सांगलात?"

"मग कुणाला सांगायचं? यादी त्यांची."

"मगे ती आता थंय रवतली?"

ती आता तिथे राहील का, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी उठून मशीनवर बसलो आणि बारावा पडदा शिवला. आत जायला काहीतरी हातात हवं होतं.

गेटवर वॉचमन म्हणाला, "मामा, आज नाय. साहेब लोक आलेत."

"एक पडदा राहिलाय. साहेब लोकांनी उघडी खिडकी बघितली तर तुला विचारतील."

त्याने सोडलं.

अंगणात मुली रांगेत उभ्या होत्या, नवे फ्रॉक, तेल लावलेले केस. समोर खुर्च्यांवर समिती, बाजूला अधिकारी, एक पोलीस इन्स्पेक्टर. हजेरी झाली. सगळ्या हजर. अध्यक्षांनी विचारलं, काही तक्रार? मुली एका सुरात म्हणाल्या, नाही सर. तो आवाज मला त्यांच्या गप्प बसण्यापेक्षा विचित्र वाटला. एकाच नळातून आल्यासारखा. मी पडदा हातात घेऊन पुढे झालो.

"तुम्ही कोण, आजोबा?" अध्यक्ष.

"पडदेवाला. एक खिडकी यादीत नाही. त्या खोलीत काल मुलगी होती. कोंडलेली."

"मामांचं वय झालंय, सर," बाई म्हणाल्या. "ऐकूही कमी येतं."

"ऐकू कमी येतं. दिसतं बरं."

अध्यक्ष हसले. "पडदेवालाच पडदा उघडायला लागला म्हणजे कठीण आहे." बाकीचेही हसले. समितीतल्या एक आमदार बाई तेवढ्या हसल्या नाहीत. वही मिटून उठल्या आणि म्हणाल्या, "दाखवा मला."

अधीक्षिका बाईंनी स्वतः कुलूप काढलं. आत तांदळाची पोती. फरशी ओली, फिनेलचा वास. काच लख्ख पुसलेली. कोणी नाही.

"आजोबा, तांदळाला पडदा कशाला?" अध्यक्ष मागून म्हणाले. जिन्यावर हसू पसरलं. माझे कान तापले. आयुष्यात मला कोणी खोटा म्हटलेलं नाही. मी कठड्याला धरून खाली अंगणात बघितलं. खरं तर कोणाचं तोंड बघायला नको म्हणून.

मुली रांगेतच होत्या. हात मागे, पाय जुळवलेले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वर केलेली, आणि सगळी एकदम हलत होती. ओठ मिटत, उघडत, मिटत. चाळीस तोंडं, एकच शब्द, आणि अंगणात पान हललेलं ऐकू येईल एवढी शांतता.

पंप. पंप. पंप.

"पंपाची खोली," मी आमदार बाईंना म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"त्या."

त्यांनी वाकून पाहिलं. तोवर चाळीस तोंडं मिटलेली होती. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

पंपाची खोली इमारतीच्या मागे. पंप चालू होता. चावी प्लंबरकडे आहे, बाई म्हणाल्या. पडद्याचे रॉड बसवायचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशात होता. इन्स्पेक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात आमदार बाई म्हणाल्या, "काढू दे त्यांना." कोयंड्याचे चार स्क्रू. एकेक करून काढले.

आत ती पंपाशेजारी पाठ टेकून बसली होती. त्या धडधडीत कोणाचंच कोणाला ऐकू येईना. सगळे नुसते ओरडत होते. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि आवाज न काढता म्हटलं, बाहेर चल. तिने माझे ओठ पाहिले. म्हणाली, कोण कोण आहे बाहेर? मी सांगितलं. मग कोणीतरी पंप बंद केला.

खोली एकदम गप्प झाली. ती अजून बोलत होती. काच नव्हती, पंप नव्हता, माझं मशीन कानात होतं. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. काल तिचा आवाज काचेमुळे येत नाही असं मी धरून चाललो होतो.

मागून अध्यक्षांचा आवाज आला, पार बदललेला. "रजिस्टर आणा."

रजिस्टरमध्ये तिला घरी पाठवल्याची नोंद होती.

मुलीला दुसरीकडे हलवलं. बाईंवर केस झाली. डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही, येईल तेव्हा आवाज येईल. जबाब मात्र हवा होता. लिहून दे म्हटलं तर ती पेनाला हात लावेना. तेव्हा आमदार बाईंनी मला बोलावलं.

एक खोली होती. मुलगी, तिच्याबरोबर एक समुपदेशक ताई, आमदार बाई आणि कॉम्प्युटरवर टाइप करणारा एक क्लार्क. ती ओठ हलवणार, मी मोठ्याने म्हणणार, ती हो म्हणून मान हलवणार, मग तो टाइप करणार, असं ठरलं.

मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, ती म्हणाली. मी म्हटलं. तिने मान हलवली.

बाईंनी माझं अक्षर ओळखलं.

मला वरच्या खोलीत ठेवलं. जेवण ताटाखाली झाकून यायचं.

असं बरंच झालं. माझंच तोंड तिच्यासाठी बोलत होतं, आणि माझ्या जाड आवाजात मी म्हणत होतो, मला मारलं, मला भीती वाटायची. खोलीत बाकी फक्त कीबोर्ड वाजत होता.

मग ती थांबली. माझ्याकडे बघून हळू, नीट ओठ हलवले.

पडदेवाल्या आजोबांनी बाईंना सांगितलं, म्हणून मला पंपाच्या खोलीत नेलं.



"काय म्हणाली?" आमदार बाईंनी विचारलं.

थकली आहे, असं म्हणता आलं असतं. तिने नाही म्हणून मान हलवली असती, तर म्हातारा वाचायला चुकला एवढंच झालं असतं. तिला कळलं असतं. आणि ते कोणाला सांगायला तिच्याकडे माझंच तोंड होतं.

मी म्हटलं. शब्दाला शब्द.

क्लार्कने टाइप करायचं थांबवून वर पाहिलं. "मामा, हे घ्यायचं का? तुमच्याबद्दल आहे."

"जबाब कोणाचा आहे?" मी विचारलं.

मुलीने मान हलवली. त्याने टाइप केलं. मग तिने पुढचं वाक्य सुरू केलं, आणि मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो.