आप्पांच्या सोडा मशीनचं काय करायचं

माझे वडील, आप्पा, लासलगावचं घर बंद करून आमच्याकडे नाशिकला राहायला आले, तेव्हा टेम्पोतून सगळ्यात शेवटी उतरलं ते गोटी सोड्याचं मशीन. लोखंडी चौकट, मधोमध बाटल्या अडकवायचा पिंजरा, बाजूला तो फिरवायचा दांडा. गंजून सगळं जाम झालेलं. पार्किंगमध्ये ठेवलं, तर सोसायटीचे सेक्रेटरी लगेच हजर. "मॅडम, हे इथे किती दिवस?"

मला कामं लोंबकळत ठेवायला आवडत नाही. कागदावर मधोमध रेघ मारली: विकायचं, दुरुस्त करायचं. विकण्याची बाजू पटापट भरली. दुसऱ्या बाजूला एकच ओळ, "आप्पांना बरं वाटेल?" कारण आल्यापासून त्यांना कशानं बरं वाटतंय तेच कळत नव्हतं. जेवायचे, पेपर वाचायचे, गॅलरीत बसून राहायचे. काहीही विचारलं की, "तुझं घर हाय, तू ठरव."

लासलगावच्या मार्केटबाहेर त्यांची सोड्याची गाडी असायची. कांद्याचा लिलाव झाल्याशिवाय शेतकरी तिकडे फिरकायचा नाही. आधी भाव, मग सोडा. चेहऱ्यावरूनच आप्पांना भाव कळायचा. चेहरा पडलेला दिसला की ते दांडा जास्त वेळ फिरवायचे, म्हणजे पाण्यात गॅस चांगला मुरायचा. "भाव नाय मिळाला कडक, सोडा तरी पिऊ दे कडक." पहिल्या घोटालाच ठसका लागून तो माणूस हसायचा, आणि मग आप्पाही.

गंगापूर रोडला हॉटेल काढणारे एक गृहस्थ मशीन बघायला आले. मी आप्पांना मुद्दाम खाली नेलं. "तुम्हीही बोला हं काहीतरी," असं बजावूनच.

गृहस्थ खूश झाले. "सोनेरी रंग मारू, आत दिवे सोडू, दारातच ठेवू. सेल्फीला एक नंबर!"

"फिरंल ना?" आप्पांनी विचारलं.

"छे, काका. दांडा वेल्डिंग करून टाकू. लहान मुलं बोटं घालतात."

"मग नाय द्यायचं."

"आप्पा, अहो, त्यांचं ऐकून तरी घ्या."

"तूच म्हणलीस ना बोला म्हणून? बोललो."

नाशिकला आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं काही ठरवलं होतं. गृहस्थांना मी चहा पाजून वाटेला लावलं आणि वर येऊन विकण्याची बाजू खोडली. मात्र एक अट घातली: गॅसचं सिलिंडर घरात येणार नाही.

"गॅस कुणाला पायजे? हाताला काम पायजे," आप्पा म्हणाले.

मशीन सुटं करून वर घेतलं आणि सातपूरच्या एका वर्कशॉपमधून बेअरिंग बदलून आणली. गंज मात्र आप्पांनीच काढला, गॅलरीत बसून, सकाळचा पेपर तसाच घडीत ठेवून. कपडे वाळत घालायचा माझा स्टँड कोपऱ्यात गेला. त्यावर मी रोज एकदा कुरकुर करायचे आणि पॉलिश पेपर संपला की नवा आणून द्यायचे.

मशीन जुळलं त्या रविवारी त्यांनी साध्या पाण्याची बाटली पिंजऱ्यात अडकवली आणि मला दांडा धरायला लावला. मी जपून फिरवायला लागले.

"अगं, पाळणा हाय का तो? जोर लाव!"

मी जोर लावला. पिंजरा घरघरत गोल फिरला, बाटली खालीवर झाली, पाण्याचे चार थेंब आप्पांच्या चष्म्यावर उडाले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"सरक आता," ते बाह्या वर करत म्हणाले. "मला फिरवू दे."