फळीवरचा फलाट

सिमेंटची जमीन करायची असेल तर सिमेंट वापरू नये, हे मला अनुभवानं कळलं आहे. अनुभव म्हणजे आमच्या घरातली एक चांगली फणसाची फळी मोडली, तो.

साठ सालाच्या आगेमागे आमच्या जामसंड्याकडे आगगाडी ही ऐकायची गोष्ट होती. बघायची तर फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचं. पण माझा थोरला भाऊ मुंबईला रेल्वेत सांधेवाला होता, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घालणारा. त्यामुळे वाडीत आगगाडीवरून वाद निघाला की निकाल आमच्या घरातून लागे, आणि दादा इथे नसल्यामुळे तो मी देई. माझी लायकी एवढीच, की एकदा बोटीनं मुंबईला गेलो होतो तेव्हा दादानं मला फलाटावरच्या बाकड्यावर बसवलं, हातात केळी दिली आणि ड्यूटी संपेपर्यंत हलू नकोस म्हणून बजावलं. मी हललो नाही. तेवढंच माझं स्टेशन.

वहिनीनं तेवढंही पाहिलं नव्हतं. दादाच्या मुंबईच्या खोलीत दहाबारा माणसं; तिथे बायकोला नेणार कुठे? तो गणपतीच्या चवथीला यायचा, तेवढाच. श्रावणात एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, दिवसभर ते राहतात ती जागा कशी आहे? मी हातवारे करून, तोंडानं शिट्टी वाजवून सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"भावजी, माका कायच दिसाक नाय."

हे मला लागलं. यंदा गणपतीपुढे दादाचं स्टेशन उभं करतो, दादानं स्वतः ओळखलं पाहिजे, असं मी जाहीर केलं. जाहीर म्हणजे घरात नव्हे, अख्ख्या वाडीत. तो माझा स्वभाव.

रुळांना छत्रीच्या काड्या घेतल्या. डबे काड्यापेट्यांचे, घड्याळ कोटाच्या बटनाचं, बाकडं आणि दिव्याचा खांब बांबूच्या कामट्यांचे. घोडं अडलं फलाटापाशी. फलाट तर मला सगळ्यांत पक्का आठवत होता, कारण केळी खाता खाता मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो. राखाडी, सपाट, अंतराअंतरावर रेघ.

बंदरावर धक्क्याची डागडुजी चालली होती. तिथून डबाभर सिमेंट मागून आणलं, किनाऱ्यावरची वाळू मिसळली आणि फळीवर थापलं. ते वाळेना. खारी वाळू, त्यात पावसाळी हवा. फलाटाला घाम फुटलेला. शेवटी वाळलं तेव्हा पिकल्या काकडीसारखं तडकलं. तरी म्हटलं, तडे काय, मुंबईतही असतील. माजघरात न्यायला मी आणि आईनं दोन बाजूंनी उचललं, आणि फळी मधोमध मोडली. खरी रेल्वे याहून हलकी असेल, असं आईचं मत पडलं. संध्याकाळी शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "स्टेशन कोसळला म्हणतत? गाडयेत माणसा खूप होती काय रे?"

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती करतात त्या मांडवातून, माती आणली. त्यात शिंपल्यांचा चुना आणि चुलीतली राख. नवीन फळीवर पातळ थर दिला, करवंटीच्या पाठीनं गुळगुळीत केला, ताणलेला दोरा दाबून रेघा काढल्या. चुलीजवळ ठेवल्यावर तो एकही तडा न जाता वाळला. फक्त चुना जास्त झाला होता. फलाट तुळशीवृंदावनासारखा पांढराशुभ्र दिसू लागला. उद्या कोळशाचं पाणी देऊ, म्हणून मी निजलो.

सकाळी उठलो तर देव येणार म्हणून वहिनीनं घर सारवून काढलं होतं. आमच्याकडे शेणात कोळशाची पूड घालतात, जमीन काळसर, तुकतुकीत होते. आणि त्याच हातानं, दोन बोटांनी, रुळांच्या कडेकडेनं, माझा फलाटही सारवलेला.

"वयनी, ह्या काय केलास?"

"भुंय मां ती? देवाफुडे बिनसारवलेली कशी ठेवतलास?"

मुंबईच्या स्टेशनाला शेण! दादाची एस्टी यायची वेळ झाली, तसा मी मागीलदारी नारळाची पाती काढत बसलो. आमच्या घरात त्या दिवशी पातींची कोणालाही गरज नव्हती.

दादा आला, पाय धुतले आणि ओल्या कपड्यांनीच फळीपुढे बसला. फलाटावरून बोट फिरवलं.

"रंग कोणी दिल्यान रे?"

मी विलंब न लावता वहिनीचं नाव पुढे केलं.

"फलाट भिजलो काय अगदी असोच दिसता," दादा म्हणाला.

त्यावर मीही विलंब न लावता सांगू लागलो की चुन्यावर सारवण घालायची कल्पना मूळची माझीच. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मग श्रावणापासून धरून ठेवलेलं तिनं विचारलं, "आणि तुमी खंय उभे ऱ्हवतास?"

ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. घड्याळाखाली, निळा कोट रंगवलेला काडीचा माणूस. दादानं तो चिमटीत उचलला. माझ्या केळ्यांच्या बाकड्यावरून नेला, दिव्याच्या खांबावरून नेला, फलाट उतरला, फळीची कड ओलांडली आणि वीतभर पलीकडे, आमच्या घरच्या जमिनीवर उभा केला.

"हंय."

"फलाटार नाय?"

"फलाट सरता, मगे सांधे."

"आणि छप्पर?"

"छत्री आसा मां."

त्याची घरातली जुनी छत्री रुळांत गेली आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या काडीच्या माणसाशेजारी झाडूचा एक हीर अजून ओलसर असलेल्या सारवणात रोवलेला, आणि त्यावर क्रोटनचं पान. पान माझ्या स्टेशनाएवढं. मी वहिनीला म्हटलं, सगळं प्रमाण बिघडलं, गाडीपेक्षा छत्री मोठी झाली.

"मोठीच बरी," ती म्हणाली.

विसर्जनापर्यंत आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला ती त्या जागेवरून हात धरून बाजूला करत होती. माझा फलाट लोकांनी पाहिला तो लांबून, माना वाकड्या करून.