आधी पाणी

किसनमामा खांबावर चढायच्या आधी पाणी मागायचा. तहान असो वा नसो. शेवगाव तालुक्यात तो वीज मंडळाचा वायरमन होता, आणि लाईट गेली की सगळ्या जातींची घरं त्याची वाट बघायची. सायकल खांबाला टेकवायची, अवजारांची पिशवी खाली ठेवायची आणि जवळच्या दारात जाऊन म्हणायचं, "बाई, पानी द्या जरा." मग तो देणारीच्या हाताकडे बघायचा. तांब्या सरळ हातात दिला तर एक घर. वरून ओंजळीत धार धरली तर दुसरं घर. सगळ्या तालुक्याचा असा नकाशा त्याच्या डोक्यात होता, आणि तो कुठल्याही सरकारी नकाशापेक्षा खरा होता.

"मान्सं बोलाया लई गोड," तो म्हणायचा. "बोलन्याकडं ध्यान द्यायचं न्हाई. आधी पानी मागायचं."

आम्ही बौद्ध. छप्पन साली मामा विशी ओलांडलेला, चांगला कळता होता. जातीचा शिक्का गेला असं त्याला कधी वाटलं नाही. तो म्हणायचा, "शिक्का आता आपल्या कपाळावर न्हाई. देनाऱ्याच्या हातावर हाय. त्यानं पुसावा."

एका बागायतदाराच्या घरची गोष्ट तो नेहमी सांगायचा. दारात लग्नाचा मांडव, पाहुणे जेवायला बसलेले, आणि लाईट गेली. मामाला बोलावणं आलं. मामानं पाणी मागितलं. घरच्या बाईंनी वरून धार धरली. मामा प्यायला, मिशा पुसल्या, वर चढला, तार जोडली आणि खाली उतरून म्हणाला, "वहिनी, आता बटन दाबा. पर आधी सांगतो, ही लाईट माझ्या हातातनं आलीया. चालंल का?"

"मग काय म्हणाल्या?" मी दर वेळी विचारायचे.

"काय म्हननार? मांडवात पाव्हनं हुतं. दाबलं बटन."

माझे आई-वडील लवकर गेले. मामा-मामींना मूल नव्हतं, म्हणून मी त्यांच्याच घरी वाढले. पुढे नगरला संघटनेचं काम करू लागले. गायरान जमिनी, पाणवठे, घेराव, मोर्चे. पत्रकं मी लिहायचे. शेवगावला गेले की मामा ती खाटेवर बसून, चष्मा नाकावर आणून वाचायचा. "एका पानात चार ठिकानी जाहीर निषेध? सुमे, होल्टेज येवढं वाढवलं की बलब उडतो. उजेड पडत न्हाई." मी त्याच्याशी वाद घालायचे. निषेध कमी केले नाहीत.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तीन-चार वर्षांत त्याचं बिनसायला लागलं. सकाळी पिशवी घेऊन कामावर निघायचा. रस्त्यातून कुणीतरी परत आणून सोडायचं. मग तो घरातला फ्यूज काढून खिशात ठेवू लागला. दिवेलागणीला घर अंधारात, आणि हा दारात उभा राहून सांगतोय, "लाईन चालू हाय. कुनी हात लावायचा न्हाई." एकदा मामी त्या फ्यूजच्या डबीकडे हात न्यायला लागली तेव्हा त्यानं तिला जोरात ढकललं. तिला वाचवायला ढकललं. ती चुलीच्या कडेवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. नगरच्या डॉक्टरांनी मामाला तपासलं, डिमेन्शिया म्हणाले, आणि याला औषध नाही हेही त्याच दमात सांगितलं.

मामी रात्ररात्र जागी राहायची. तो उठून कडी काढेल म्हणून दाराला पाठ लावून बसायची. दिवसा घरकामाला लागायची. मला म्हणाली, "सुमे, मला एक रात झोपायचंय. बाकी कायबी नको."

मी वृद्धाश्रम शोधायला लागले. एका ठिकाणी सांगितलं, चालते-बोलते म्हातारे घेतो, वेडसर घेत नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. सरकारी दवाखान्यात सांगितलं, हा आजार आमच्याकडे बसत नाही. एरवी एवढ्यावर मी दोन पत्रकं काढली असती. संताप हा माझा रोजचा धंदा होता. त्या दिवसांत तो नेमका कुठं गेला होता कोण जाणे. मी नुसती ऐकून घ्यायचे आणि पुढचा पत्ता विचारायचे. शेवटी मनमाड रस्त्यावरचा एक आश्रम अशा माणसांनाही घेतो असं कळलं. अख्ख्या जिल्ह्यात तेवढाच. आम्ही तिघं बघायला गेलो. एप्रिल महिना होता.

एस.टी.त मामा खिडकीशी बसून खांब बघत होता. राहुरीच्या अलीकडे म्हणाला, "ही तार ढिली हाय." खरंच ढिली होती.

आश्रम रस्त्यापासून आत होता. बैठी इमारत, ताजा चुना, समोर कडुनिंब. व्यवस्थापक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमच्या आडनावावरून कळतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही आलं नाही.

"आमच्याकडे जातपात नाही हो," ते म्हणाले. "सगळे एकाच पंगतीला."

हे वाक्य मी खूपदा ऐकलेलं आहे. मी वाट बघत बसले. एक बाई ट्रेमधून पाणी घेऊन आली. पहिला पेला तिनं मामाच्या हातात दिला. त्याचा हात थरथरतोय हे बघून स्वतःचा हात पेल्याखाली धरला. मामा प्यायला. तो तिच्या हाताकडे बघत नव्हता, पंख्याकडे बघत होता. हाताकडे मी बघितलं. मामीनं माझ्याकडे बघितलं. झालं ना मनासारखं, एवढंच तिच्या नजरेत होतं.

मग आम्ही पुरुषांचा हॉल बघायला गेलो. जेवणं होऊन गेली होती. ओळीनं खाटा, खाटांवर म्हातारे, चादरी स्वच्छ. अगदी कोरड्या, स्वच्छ. मी ते जमेच्या बाजूला धरलं. कुठं वास नाही, हेही जमेच्या बाजूला धरलं. तिथं दुसरी एक बाई फडक्यानं खिडक्या पुसत होती. मामा तिच्याजवळ गेला.

"माय, पानी दे जरा."

"आता न्हाई बाबा," ती मान न वळवता म्हणाली. "रातच्या जेवनाला." तिला वाटलं, हा इथलाच.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मलाबी." मग पलीकडचा. मग बोलणं थांबलं आणि नुसते हात पुढे आले. कुणी ओरडलं नाही. मी तेव्हा त्यांच्या ओठांकडे बघितलं. पांढरे, कडा फुटलेले. अख्ख्या हॉलमध्ये माठ नव्हता.

"माठ कुठंय?" मी विचारलं.

तिनं आता वळून बघितलं. "हापिसात."

"इथं का नाही?"

"ताई, पानी दिलं की गाद्या भिजत्यात. दोन्ही हॉलांना धुनारी मी एकली. तुमी येता का धुवायला?"

व्यवस्थापक मागे येऊन उभे होते. म्हणाले, "ठरावीक वेळेला देतो आम्ही. ते त्यांच्याच हिताचं असतं."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"अनुभवानं सांगतो."

"एप्रिल चालू आहे."

"मग दुसरीकडे बघा ना, ताई," ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत. दुसरीकडे कुठं नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

आम्ही रस्त्यावर येऊन एस.टी.ची वाट बघत बाभळीखाली थांबलो. मामाला दगडावर बसवलं. तो तारांकडे बघत होता.

"इथं नाही ठेवायचं," मी म्हणाले. "बैलालासुद्धा दुपारी पाणी दाखवतात."

"मंग कुटं ठिवायचं?"

"मी बघते काहीतरी."

"तू नगरला बघनार. घरी रातच्याला कोन बघनार?"

"मामी, ते पाणी तोडतात माणसाचं."

मामीचा प्लॅस्टरचा हात मांडीवर होता. ती हाताकडेच बघत म्हणाली, "मीबी तोडते."

तिनं पुढं सांगितलं. "सांज झाली की तांब्या वर फळीवर ठिवते. त्ये मागत्यात. मी म्हनते, आत्ताच तर प्यालात. त्यास्नी वाटतं, प्यालो असन. गप बसत्यात." मग म्हणाली, "येका हातानं गोधडी पिळता येत न्हाई, सुमे."

बाभळीखाली येईपर्यंत माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला होता. तहानलेल्या म्हाताऱ्यांचा आश्रम, वगैरे. त्यात आश्रमाचं नाव होतं, व्यवस्थापकांचं होतं. आता मामीचंही घालावं लागलं असतं. घालता येत नव्हतं. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. ऊन होतं, ट्रक जात होते, आणि मला ऊन लागत होतं असंही आठवत नाही.

"कुनाच्या घरी आल्तो आपन?" मामानं विचारलं.

मामीनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"बरी हायेत का मान्सं?" त्यानं मला विचारलं.

"तुला हातात पाणी दिलं ना त्यांनी," मी म्हणाले.

"दिलं व्हय?"

"दिलं."

"मंग बरी हायेत," तो म्हणाला. एस.टी. आली.

पुढच्या महिन्यात आम्ही मामाला तिथं ठेवलं. त्याआधी मी एकटी जाऊन व्यवस्थापकांना भेटले आणि म्हणाले, माठ दोन्ही हॉलांत ठेवा, रविवारी गाद्या-गोधड्या आम्ही येऊन धुऊ. ते लगेच कबूल झाले. इतक्या लगेच, की माझ्याकडे भांडायला काही उरलं नाही. सुरुवातीला संघटनेच्या चौघी-पाचजणी यायच्या. मग गायरानाचं आंदोलन पेटलं आणि त्या तिकडं गेल्या. मामीचा हात तोवर बरा झाला होता. मग मी आणि मामी, दोघीच. त्या खिडक्या पुसणाऱ्या बाई आमच्यासोबत गोधडीचं दुसरं टोक धरायच्या. रविवारी माठ भरलेला असायचा. बाकीच्या दिवसांची मी खात्री देऊ शकत नाही.

मामा तिथं रमला, असं लोक म्हणतात तसं मी म्हणणार नाही. पण त्यानं तिथल्या म्हाताऱ्यांना कामाला लावलं. लाईट गेली की तो हॉलच्या मधोमध उभा राहून सांगायचा, "कुनी बोर्डाला हात लावू नका, मी वर हाय," आणि सगळे खाटांवर हात मांडीत घेऊन बसायचे. लाईट येईपर्यंत कुणी हलायचं नाही. व्यवस्थापकांचं जितकं ऐकत नसत, तितकं त्याचं ऐकत. एका रविवारी त्यानं मला विचारलं, "बाई, तुमी कुन्या गावच्या?"

"शेवगावच्या."

"शेवगावात लाईट मी आनली," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पहिले खांब उभे राहिले तेव्हा तो होता.

दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधी, संघटनेच्या कार्यालयात आश्रमातून फोन आला. सकाळी झोपेतच गेला, असं सांगितलं. मी पहिल्या एस.टी.नं शेवगावला निघाले. मामीच्या घरी फोन नव्हता, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पोचले तेव्हा दुपार होती. दार उघडं होतं. मामी जमिनीवर, पदर डोक्याखाली घेऊन, एका कुशीवर झोपली होती. तोंड थोडं उघडं, श्वास खोल. ती दुपारची झोपलेली मी लहानपणापासून कधी बघितली नव्हती. उठवायला हवं होतं. गाडी ठरवायची होती, भावकीत निरोप द्यायचे होते. मी उंबऱ्यावर बसले. शेजारची बाई कुंपणापाशी आली, माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. तिनं खुणेनं विचारलं, उठवू का? मी मान हलवली, नको.

ऊन अंगणातून सरकत आत यायला लागलं तेव्हा मामी जागी झाली. माझ्याकडे बघून उठून बसली.

"कवा आलीस?"

"आत्ताच."

"च्या टाकू?"

"टाक," मी म्हणाले. तिनं स्टोव्ह पेटवला, चहा केला, दोघींनी घेतला. मग मी सांगितलं.