नरहरराव गुरुजींची येळवस

आमच्या गावात खरं बोलून खोटा ठरलेला माणूस एकच, आमचे नरहरराव गुरुजी.

गाव भालकी तालुक्यात, मेहकरच्या अलीकडे. शाळा मराठी, चौथीपर्यंत, आणि चारही वर्गांना मिळून मास्तर एकच. गाव मैसूर राज्यात गेल्यावर आधीचे दोन मास्तर लातूरकडे निघून गेले. गुरुजी तेवढे राहिले. त्यांना सणांचं भारी वेड. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, सव्वीस जानेवारीचं लेझीम, नागपंचमीला शाळेच्या लिंबाला झोका, आणि एक नोव्हेंबरला, राज्याच्या वाढदिवशी, कन्नड गाणं, तेही आमच्याकडून घोकून घेतलेलं. मुलं शाळेत यावीत म्हणून ते हे सगळं करत, असं लोक म्हणायचे. मला तर वाटतं, गुरुजींनाच ते हवं असायचं.

पण त्यांचा खरा सण येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबट आंबील. बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही हात धरून बसवतात. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. राहतात ती ज्यांना शेत नाही ती घरं. माझे वडील पोस्टात होते. येळवशीला ओट्यावर बसून ओस पडलेली गल्ली बघणं म्हणजे काय, ते मला विचारा.

गुरुजींना ते दिसलं. त्यांनी गावातल्या चनमल्लप्पांच्या शेतात शाळेची येळवस सुरू केली. सहल म्हणून सगळी मुलं रांगेत निघायची, पुढे झेंडा, मागे बैलगाडीत जेवण. शेत असलेली मुलंही आपल्या बापाचं शेत सोडून आमच्यात यायची. आम्हा बिनशेतीवाल्यांच्या आयुष्यात एवढा मान पुन्हा कधी आला नाही, हे आजही छाती पुढे काढून सांगते.

शाळेत रुद्रम्मा म्हणून बाई होती. पाणी भरायची, झाडायची, सरकारी दुधाची पावडर कालवून आम्हाला पेले भरून द्यायची. माहेर कमठाण्याचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दीर हणमंतप्पाच्या घरात एका कोपऱ्यात राहायची. आम्हाला दूध देताना तिचं तोंड जे फुलायचं ते बघण्यासारखं असायचं. साय नसलेल्या त्या पावडरच्या दुधावरही ती आमची दृष्ट काढायची.

येळवशीची आंबील पूजेला लागते, म्हणून ती सवाशिणीनं करायची असा गावाचा रिवाज. पहिली काही वर्षं गुरुजींच्या मंडळी अनसूयाबाई करायच्या. सहासष्ट साली गुरुजी म्हणाले, "यंदा रुद्रम्मा करेल. गावात तिच्यासारखी आंबील कुणाला जमत न्हाई." कुणी कुरकुरलं तर त्यांनी बसवण्णांचं नाव घेतलं. ज्यांच्या गळ्यात लिंग, त्यांनी विधवेचा विटाळ मानायचा का, असं चावडीवर विचारलं. लोक गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे, पण गुरुजींना ते कधी कळलं नाही.

आंबील नेतात मातीच्या बिंदगीत. आदल्या वर्षी गाडी खड्ड्यात आदळून बिंदगी फुटली होती आणि आम्ही कोरडे उंडे चावत परतलो होतो. म्हणून गुरुजींनी घरचा मोठा पितळी हंडा काढला.

अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, याची कल्हई उडालीय. दिवाळीपासून कल्हईवाला फिरकला न्हाई."

"एका रात्रीचं तर काम हाय," गुरुजी म्हणाले. "मातीचं पुन्हा फुटलं तर लेकरांनी काय खायाचं?"

रुद्रम्मानं त्यांच्या अंगणात आंबील शिजवली, ताक घातलं, आणि गुरुजींनी दाखवला त्या हंड्यात ओतली. पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असतं. पण मास्तरांच्या घरात उभं राहून मास्तरांना कोण शिकवणार? आंबील रात्रभर त्या हंड्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी शेतात आम्ही ती पोटभर प्यालो. जरा तुरट लागली. गुरुजींनी स्वतः घेतली नाही, सगळ्या मुलांना पुरू दे म्हणाले. कोपीभोवती नाचून झालं नाही तोच एक पोर ओकायला लागलं, मग दुसरं, मग मी. हरभऱ्याच्या ओळीत आम्ही आडवे पडलो होतो आणि रुद्रम्मा एकेकाचं डोकं धरून हिंडत होती. बहुतेक जण दोन दिवसांत सावरलो. पहिलीतली नागू तापातून नुकती उठलेली, सहलीला येते म्हणून रडून आलेली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं.

डॉक्टरनं गुरुजींना एकच विचारलं, भांडं कसलं होतं. गुरुजींनी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि हात धुवायला गेला.

गुरुजी नागूला घेऊन परतले तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. रांडमुंड बाईच्या हातची आंबील पांडवांपुढे ठेवली, दुसरं काय व्हायचं! वड्याचं तेल वांग्यावर काढायला आमच्या गावाला वेळ लागत नाही. सगळ्यांत मोठा आवाज दीर हणमंतप्पाचा. नवऱ्याच्या वाटणीचं रुद्रम्माचं शेत तोच कसत होता, एवढं सांगितलं की पुरे.

गुरुजी घरोघर गेले. हंडा डोक्यावर घेऊन गेले, आतलं हिरवं दाखवलं. लोकांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, चहा दिला आणि म्हणाले, आमच्याबी घरी पितळच हाय गुरुजी, कुणी मेलं का? चौकशीला आलेले शाळातपासणीचे साहेबही भले गृहस्थ. गुरुजींची नोकरी वाचावी म्हणून साहेबांनी त्यांचं बोलणं ऐकलंच नाही आणि रुद्रम्माला शाळेतून काढून टाकलं. इतक्या चांगल्या माणसांनी मिळून एका बाईचं वाटोळं केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सव्वीस जानेवारी आली. त्या वर्षी लेझीम नव्हतं. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि गुरुजी सगळ्या गावासमोर म्हणाले, "नागू माझ्या हंड्यानं गेली. कल्हई न्हाई हे मला घरात सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. रुद्रम्माचा यात काही दोष न्हाई. शिक्षा करायची तर मला करा."

मग गर्दीतून नागूचा बाप काशप्पा पुढे आला. दुसऱ्यांच्या शेतात राबणारा, कधी चार लोकांत न बोललेला माणूस. आता हा गुरुजींच्या तोंडात मारणार असं मला वाटलं. खरं सांगते, गुरुजींनी तोंड तसंच पुढे केलं होतं.

काशप्पानं हात जोडले. "गुरुजी, माजी लेक गेली ती गेली. तुमी कामून दुसऱ्याचं पाप डोस्क्यावर घ्यायलाव? तुमच्यावानी माणूस या गावात न्हाई."

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी गुरुजींचा जयजयकार केला. त्याच आठवड्यात हणमंतप्पानं रुद्रम्माचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं आणि तिचा भाऊ तिला कमठाण्याला घेऊन गेला. चोर भर चौकात ओरडून सांगत होता, तरी फास गेला संन्याशाच्याच गळ्यात.

शाळेची येळवस बंद झाली. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी सरकारी हुकमाप्रमाणे होत राहिले. गुरुजी दर काही दिवसांनी कुणाला तरी ती गोष्ट सांगायचे. पारावर सांगत, बसमध्ये शेजारच्याला सांगत. जितकी सांगत तितका त्यांचा मान वाढायचा. पुढच्या पोरांना तर ती गोष्ट धड्यासारखी पाठ झाली, की आमच्या गुरुजींनी एका विधवेचं पाप आपल्या अंगावर घेतलं. ते निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ देताना सरपंचांनी भाषणात तेच सांगितलं. गुरुजी मध्येच उठून गेले. किती साधे आहेत, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा भालकीला मास्तरीण होते, त्या टाळ्यांत बसलेली. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही.

अनसूयाबाई गेल्यानंतर, ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात, गुरुजी माझ्या दारात आले. म्हणाले, "नलू, मला कमठाण्याला घेऊन चल. दिसायचं कमी झालंय. रुद्रम्माच्या भावानं दोनदा दारातून परत लावलं. आता तो न्हाई राहिला."

रुद्रम्मा गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होती. पार वाळलेली. गुरुजींना बघून तिनं लगबगीनं पोतं अंथरलं आणि स्वतः दूर भिंतीला टेकून बसली. भावजय पाणी घेऊन आली. गुरुजी म्हणाले, "मला रुद्रम्माच्या हातचं पाहिजे."

"नगा गुरुजी," रुद्रम्मा म्हणाली. "तवापासून म्या कुनालाच देत न्हाई. भावाची लेकरं हितंच मोठी झाली, त्यांच्या ताटालाबी हात लावला न्हाई."

गुरुजींनी सगळं सांगितलं. कल्हई, अनसूयाबाईंचं बोलणं, डॉक्टरनं विचारलेलं. अगदी सावकाश सांगितलं, पहिलीच्या वर्गाला समजावावं तसं. "तुझ्या हातात काहीच नव्हतं, रुद्रम्मा. हंडा माझा. चूक माझी. गावानं न्हाई ऐकलं तर न ऐको. तू तरी खरं मान."

रुद्रम्मानं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ती चिडेल, शिव्या देईल, सोळा वर्षांचा हिशोब मागेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, दे बाई, एकदा तरी शिवी दे.

"व्हय गुरुजी," ती म्हणाली. "गावातली मानसं आली की सांगत्यात, गुरुजी अजून आपल्याच अंगावर घ्यायलेत म्हनून. माज्यासारखीसाठी कोन करतं एवढं? तुमी देवमानूस हाव."

आणि ती उठली, पदर डोक्यावर ओढला, आणि गुरुजींच्या पाया पडली. गुरुजी पाय मागे ओढत होते, पण मागे भिंत होती.