बारा महिन्यांची गोळी

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईकडे साड्या कमी साठतात, गोष्टी जास्त. एकेक माणूस खोकत येतो, औषध घेऊन जातो आणि गोष्ट आपल्याकडे ठेवून जातो. माझ्याकडे ना वही ना पेन्सिल, सगळं डोक्यात. आता नात म्हणते, "आजी, तू सांग, मी लिहिते." म्हटलं, लिही. पण मध्येच माझं बोलणं सुधारायला गेलीस तर मी गप्प बसेन!

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळ-लालबागला मोर्चा नसला तर सभा, सभा नसली तर हरताळ. मी लालबागच्या एका दवाखान्यात आया होते. डॉक्टर प्रधानसाहेब, शिवाजी पार्कचे, बोलणं अगदी छापल्यासारखं. औषधं बांधायला पेडणेकर कंपाउंडर, बोलणं कायम तिरपं. आणि मी जनाबाई. एवढाच आमचा कारभार.

*

एक दिवस साहेब हसतच आत आले. "जनाबाई, आता क्षयाच्या पेशंटला सॅनेटोरियममधल्या खाटेची वाट बघत बसायला नको. नव्या गोळ्या आल्यात. मद्रासला पेशंटना घरीच ठेवून गोळ्या देऊन बघतायत. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष लागलंय तिकडे. आपणही देऊ."

पेडणेकर म्हणाला, "साहेब, मद्रासला घर म्हणजे घर असेल. इथे एका खोलीत नऊ माणसं. त्यातला पेशंट कुठला, हे ओळखायलाच आठवडा जाईल!"

"अट एकच," साहेब म्हणाले. "रोज गोळ्या, बारा महिने. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत." आणि माझ्याकडे वळले. "ते बघायचं काम तुमचं."

चाळीस पेशंट निवडले. पेडणेकरला रजिस्टर दिलं. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी आपलं डोक्यातच ठेवलं. महिन्याने साहेबांनी परीक्षा घेतली. ते नाव वाचायचे, मी सांगायची.

"यमुना."

"बुधवारी चुकली. माहेरी गेली होती."

"रजिस्टरात तर बुधवारची खूण आहे!"

पेडणेकर स्वतःच्या चपला बघायला लागला. "साहेब, बुधवारी हरताळ होता. मी आलोच नव्हतो. गुरुवारी अंदाजाने भरलं."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "उद्यापासून हे जनाबाईंना विचारून भरायचं!"

*

त्या चाळिसांतली एक शेवंता. वय बावीस असेल नसेल. नवरा वसंता गिरणीत साच्यावर, कापड विणायला. तान्ही मुलगी होती, बेबी. शेवंताला खोकल्यातून रक्त पडलं त्याच दिवशी सासूने, भागीरथीकाकूने, बेबीला उचलून प्रभादेवीला लेकीकडे नेऊन ठेवलं. आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, "बारा म्हयने देतंय तुमका. बरी झाली तर पोर हिच्या मांडीवर. नाय झाली तर ही माहेराक, आणि वसंताचं मी दुसरं बघतंय."

साहेब म्हणाले, "काकू, एवढे दिवस लागणार नाहीत. गोळ्या लागू पडल्या की मूल आणता येईल."

"बारा म्हयने," काकू म्हणाली.

तिची एक लेक याच खोकल्याने गेली होती. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला तिचा नुसता राग यायचा.

शेवंता मला विचारायची, "मावशी, चार महिन्यांचं पोर आईला विसरतं का गो?" मी म्हणायची, "गोळी गिळ आधी."

*

मी रोज सकाळी सातला काकूच्या दारात. आत जायची सोय नाही. आम्ही नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि दीक्षेच्या आधी आम्ही कोण होतो हे त्या चाळीत सगळ्यांना पाठ. काकू उंबऱ्यावर पितळेची ताटली ठेवायची, मी त्यात गोळ्या वरून टाकायच्या. मग ती तांब्यातलं पाणी गोळ्यांवर शिंपडायची आणि ताटली आत न्यायची.

मी पुढच्या दाराकडे निघायची. पण आठवड्याने शेवंताच म्हणाली, "मावशी, गोळ्या अशा लगद्यासारख्या का असतात? अर्ध्या ताटलीलाच चिकटतात."

मी साहेबांना सांगितलं. साहेब तडक चाळीत. आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता त्या माणसाने, पण त्या दिवशी गॅलरीत तीन खोल्यांपलीकडे ऐकू गेलं. "काकू, गोळी विटाळत नाही, विरघळते!"

दुसऱ्या दिवशी ताटली नाही, पाणी नाही. काकूने पदर पसरला. पदराला चालत असावं! दिवाळीपर्यंत पदरही गेला. हात पुढे आला, वर खरखरीत आवाजात, "दे गो. आणि उभी काय रवलंस, चाय घे."

*

मग आला पुढच्या वर्षीचा श्रावण. काकूने दवाखान्यात येऊन विचारलं, "शेवंताचो सोमवार आसा. उपासाक गोळी चलता काय?"

साहेब औषधांचं सगळं शिकलेले, पण हे त्यांना कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. ते उपास, औषध, धर्म यावर काहीतरी लांबलचक सांगायच्या तयारीत, तोच पेडणेकर पुड्या बांधता बांधता म्हणाला, "काकू, खुशाल द्या. साबुदाण्याची आहे."

काकू समाधानाने उठली. साहेब चिडले. "पेडणेकर, पेशंटशी खोटं बोलायचं नाही!" पेडणेकर शांतपणे म्हणाला, "साहेब, गोळी बांधायला आत स्टार्च असतो ना? मग साबुदाणा म्हणजे दुसरं काय असतं?"

एवढ्यात काकू दारातून मागे फिरली. "मग एकादशीक दोन गोळ्या देऊ?"

*

आता गाळ्याची गोष्ट. भारतमातेच्या... नाही, सिनेमाचं नाव नको, नात म्हणते. तर लालबागच्या नाक्यापुढे एक गाळा होता. कोकणातली चौदा गिरणीवाली माणसं एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारी. त्यात गोपाळ आमचा पेशंट. चांगला धट्टाकट्टा गडी, पण गोळ्या घेऊनही त्याचं वजन वाढेना.

गोळी पोटात जाते की नाही हे बघायची एक युक्ती होती. लघवीत औषधाचे दोन थेंब टाकले की रंग जांभळट व्हायचा. म्हणजे घेतली. साहेबांनी मला सांगितलं, न कळवता जा आणि बाटली भरून आणा.

मी गेले तर गोपाळ पाळीला गेलेला. त्याचा गाववाला दगडू म्हणाला, "मावशी, हेलपाटा कशाला? द्या बाटली. त्याचं आणि माझं काय वेगळं आहे?" आणि मी काही बोलायच्या आत भरूनही आणली!

मी ती साहेबांना दिली आणि खरं ते सांगितलं. साहेबांनी हसत हसत दोन थेंब टाकले.

बाटली जांभळी!

साहेबांचं हसू मावळलं. "दगडूला तर काही आजार नाही." मग दोघंही गाळ्यावर गेलो. गोपाळ पाळीवरून आला होता. साहेबांनी विचारलं, "गोळ्या कोणाकोणाला देतोस?"

गोपाळ म्हणाला, "सगळ्यांना, साहेब. रोज एकेकाची पाळी. आम्ही भाकरी वाटून खातो, मुलुखातून आलेले फणस वाटून खातो. छातीचं औषध म्हटल्यावर मी एकट्याने कोपऱ्यात बसून खायचं? बरं दिसतं का ते?"

साहेबांना रागवायचं होतं, पण जमेना. शेवटी त्यांनी चौदाही जणांना ओळीने बसवलं आणि शपथ घातली. त्यानंतर सगळे मिळून गोपाळसमोर बसायचे आणि त्याने एकट्याने गोळी गिळलेली बघायचे. दगडू तर दर वेळी विचारायचा, "पूर्ण गेली? मला काही उरली नाही ना?"

*

त्याच गोपाळने पुढे सत्याग्रहात जाऊन स्वतःला पकडून घेतलं. सकाळी मी गाळ्यावर गेले तर दगडू म्हणाला, "मावशी, तो आत आहे." मी गोळ्या घेऊन चौकीवर.

इन्स्पेक्टर ओरडला, "बाई, हा काय दवाखाना आहे?"

मी म्हटलं, "नाही साहेब. पण एक दिवस चुकला तर हा माणूस परत दवाखान्यातच येईल, आणि मध्ये जिथे जिथे खोकेल तिथली माणसं त्याच्या मागून येतील. आत्ता तो तुमच्याकडे खोकतोय."

इन्स्पेक्टरने दोन पावलं मागे घेतली. गोपाळ गजांतून म्हणाला, "साहेब, मुंबई आपल्याला मिळेपर्यंत जगायला तर पाहिजे!"

हवालदाराने आपल्याच माठातलं पाणी आणलं. गोपाळने गोळी घेतली. मी निघाले तसा हवालदार माझ्या मागून फाटकापर्यंत आला. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या त्या गोळ्या... पोलिसांना देतात का हो?"

दोन महिने खोकत होता बिचारा!

*

क्षयाची लस टोचणारे लोक आमच्याकडे आले तेव्हाची गंमत वेगळीच. आधी हातावर एक बारीक सुई. तीन दिवसांनी हात बघायचा. गाठ आली तर अंगात जंतू आधीच येऊन गेलेत, लस नाही. गाठ नाही आली तर लस.

हे आमच्या बायकांना कसं पटावं! आमच्याच चाळीतल्या सखूबाईचा हात फुगलेला. तिने रांग अडवून धरली. "माझा हात पुरीसारखा टम्म, मला घरी जा म्हणता! आणि जिला डास चावल्याएवढंही झालं नाही तिला लस?" साहेबांनी अर्धा तास समजावलं. जंतू, रक्त, सगळं. सखूबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं, डॉक्टर. पण रांगेत मी पुढे होते!"

त्याच रांगेत मागे शेवंताची प्रभादेवीची नणंद बेबीला घेऊन उभी होती. शेवंता भिंतीशी, लांब, पदर तोंडाला लावून. बेबीच्या हातावर काहीच नव्हतं. स्वच्छ! म्हणजे आईचा आजार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिला लस टोचली तशी तिने टाहो फोडला. बाकीच्या आयांची पोरं रडली की आयाही रडत होत्या. शेवंता एकटी हसत होती.

*

बारा महिने भरले. शेवंताची थुंकी तपासली, साफ. छातीचा फोटो काढला. साहेब जुना आणि नवा असे दोन्ही फोटो घेऊन स्वतः चाळीत आले. गॅलरीत उजेडाला धरले. सगळा मजला गोळा झाला.

"काकू, जुन्यात हा डाग बघा. आणि नव्यात? कुठे आहे डाग?"

काकूने फोटो खालून वर बघितला, वरून खाली बघितला. "ह्यो माझ्या सुनेचो फोटो?"

"हो."

"मग तोंड खंय?"

"छातीच्या फोटोत तोंड येत नाही, काकू."

"मग ही शेवंता कशावरून? बरगडे सगळ्यांचे सारखेच. दुसऱ्या कोणाचो असलो तर?"

साहेबांनी कोपऱ्यातलं नाव दाखवलं. काकू म्हणाली, "ता तुम्ही लिवलंत. माका वाचूक येणा नाय." आणि मग आवाज खाली आणून, "एक चेडू गेला माझा. नातीक आणलंय आणि तिका झालं, तर तुमचो फोटो माका पोर आणून देतलो काय?"

साहेबांनी फोटो खाली घेतले. मला काकूचा राग आला, पण वाचता मलाही येत नव्हतं. उद्या कोणी मला कागद दाखवून सांगितलं असतं, तर मी तरी काय केलं असतं? शेवंता आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा होता. तो ठरलेलाच असतो. या वेळी काकू बरोबर आली. फोटोवाल्याने विचारलं, "गळ्यातलं सगळं काढलं ना?" शेवंताने मान हलवली. काकू बाकावर देवळात बसल्यासारखी.

प्लेट आली. साहेबांनी उजेडाला धरली आणि कपाळाला हात लावला. छातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चकत्यांची रांग!

"हे काय आहे?"

शेवंता खाली बघायला लागली. काकू उठली. "माझी पुतळ्यांची माळ. मीच घातली, पोलक्याच्या आतसून." तिने नाक प्लेटला लावलं, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली. "ही बघा! ही वाकडी पुतळी! माझ्या लग्नात पाटाखाली चेपली होती ती!" मग सुनेकडे वळली. "ही तूच गो."

"पण काकू," साहेब कळवळून म्हणाले, "माळेआड फुप्फुसच दिसत नाही! ही प्लेट वाया गेली!"

"मग आता माळ काढून काढा. माझ्यासमोर."

काढला. डाग नव्हता. काकूने बराच वेळ बघितलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "ती वाया गेलेली माका द्या."

"तिचा काही उपयोग नाही, काकू."

"तुमका नाय."

काकू तिथूनच परस्पर प्रभादेवीला गेली. संध्याकाळी चाळीत शिरली ती बेबीला कडेवर घेऊन. पोर आता दुडुदुडु धावायच्या वयाची. काकूने तिला शेवंताच्या मांडीत ठेवलं आणि पाणी प्यायला मोरीकडे गेली ती बराच वेळ आलीच नाही.

वसंताने त्या प्लेटला चौकट करून आणली. भिंतीवर नुसतीच काळी दिसायची, म्हणून काकूने ती खिडकीच्या गजांना बांधली, मागून उजेड यावा अशी. कोणीही पाहुणा आला की चहाआधी विचारायचाच, "काकू, हे काय लावलंय?"

काकू पदर सारखा करायची आणि सांगायची,

"आमची सून. आतून."